पांढऱ्या कोटापुढचं ‘नाही’

माझ्या दादाच्या कमरेत नस दबली आहे. कळ कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीच्या कडेनं उतरते आणि अंगठ्याशी थांबते. अंगठा मात्र बधिर. दादानं हे एकदाच, तेही वहिनीला, भाकरी खाताखाता सांगितलं होतं: “रस्ता दुखायलाय आणि गाव मेलंय.” याच्याहून नेमकं वर्णन मी पुढे कुठल्याही वैद्यकीय लेखात वाचलं नाही. आणि हे वाक्य त्यानं कुठल्याही डॉक्टरला कधीही सांगितलं नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे, पण एवढ्यावर थांबायची माझी तयारी नाही.

आम्ही परभणीकडचे. भोसरीत भाड्याच्या एका खोलीत राहतो: दादा, वहिनी आणि मी. मी कामगारांच्या एका छोट्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणला कंपन्यांच्या गेटवर उभी राहून ती वाटते. “कंबर आमची, टार्गेट तुमचं” हे माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. गाजलं म्हणजे लोकांनी घडी करून खिशात घातलं. एरवी दहा पावलांवर टाकून देतात. दादानंही वाचलं होतं.

“चांगलं लिहिलंस की,” तो म्हणाला. “फक्त एक अडचण आहे. गेटबाहेर सगळी पडलेली असतात. कंबर दुखणाऱ्यानं वाचायची म्हणली तर वाकावं लागतंय.”

दादा कंत्राटी कामगार. त्याचं काम सांगते, कारण दुखणं तिथूनच आलंय आणि तिथलं कुणी विचारत नाही. जमिनीवर लोखंडी बिन ठेवलेला असतो, म्हणजे मोठी पेटीच. त्यात कास्टिंगचे, ओतीव लोखंडाचे, तुकडे. वाकायचं, एक उचलायचं, उचललेलं असतानाच वळायचं, मशीनवर चढवायचं, आवळायचं, बटन दाबायचं. परत वाकायचं. बिन भरलेला असतो तोवर निभतं. माल तळाला गेला की माणसाला कमरेपर्यंत आत शिरून उचलावं लागतं. म्हणून प्रत्येक शिफ्ट तळाचा माल पुढच्या शिफ्टसाठी तसाच सोडून जाते, आणि पुढची शिफ्ट आल्या आल्या आधीच्यांची आयमाय काढते. दादा मात्र तळ काढून जायचा. मी विचारलं, तूच का? तर म्हणाला, “शिव्या ऐकायचा कंटाळा येतो गं. त्यापेक्षा कास्टिंग हलकं.”

कंत्राट काही महिन्यांचं. मग ब्रेक देतात. म्हणजे घरी बसवतात, आणि गरज लागली की परत बोलावतात. कायम करायला लागू नये म्हणून केलेली ही युक्ती आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. फक्त ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळत नाही. असो, हे माझं दुसरं पत्रक. मुद्दा असा की परत घेताना प्रत्येक वेळी मेडिकल होतं. गेटजवळ पत्र्याच्या शेडमध्ये कंपनीचा डॉक्टर बसतो. पांढरा कोट, समोर रांग. दुखतंय म्हणणारा त्या रांगेतून आत जात नाही, बाहेर येतो. तो परत दिसत नाही.

त्यामुळे रांगेतच शिकवणी चालते. पत्रकं वाटताना मी ती कितीदा ऐकली आहे. जुना माणूस नव्याला तयार करत असतो.

“भावा, कंबर दुखते का?”

“जरा जरा...”

“झालं! बस गावाच्या गाडीत. परत सांग. कंबर दुखते का?”

“नाही.”

“पायाला मुंग्या?”

“नाही.”

“झोप?”

“लागते.”

“आता वाक. श्वास सोडत वाक. आणि तोंड वाकडं करू नको राव, सासऱ्याच्या पाया पडतोयस असं समज.”

“सासऱ्याच्या पाया पडताना तर जास्त वाकडं होतं.”

सगळे हसायचे. मी पण हसायचे. गोळी मेडिकलच्या आधी अर्धा तास घ्यायची, कमरेचा पट्टा शर्टाच्या आतून बांधायचा पण शेडमध्ये शिरताना सोडायचा, हे सगळं तिथं ठरलेलं असतं. एकदा मी एका माणसाला विचारलं, भाऊ, एमआरआय काढला का? तो दचकलाच. “नको ताई. काढला की दिसतं.”

दादानं हे सगळं चोख केलं. किती ब्रेक झाले आणि किती मेडिकल झाली, त्याचं त्यालाच ठाऊक. प्रत्येक वेळी पास.

मग त्याला रात्री कूस बदलता येईना. संडासातून उठताना भिंतीला धरून उठायला लागला. सरकारी विम्याचं कार्ड आहे, पण ठेकेदार ब्रेकला नाव काढतो आणि नंतर परत घालतो, त्यामुळे कार्ड बंद आहे की चालू हे काउंटरवर गेल्यावरच कळतं. नसांवरची गोळी सुरू झाली. तिनं झोप येते. मशीनपुढे झोप आली तर बोटं जातात, म्हणून तो ती सुट्टीच्याच दिवशी घ्यायचा. कामाच्या दिवशी साधी दुखण्याची गोळी. म्हणजे ज्या दिवशी दुखणं कमी, त्या दिवशी मोठं औषध. आमच्याकडे उपचार असे होतात.

मी वाचायला लागले. डॉक्टर नाही मी, पण इंग्रजी लेखाचं मोबाईलवर भाषांतर करून, न कळलेलं ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून, वाचत गेले. मणक्यांमधली गादी सरकते, नसेवर दाब येतो. पुष्कळ लोकांचं दुखणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही त्यांच्यासाठी गोळ्या, व्यायाम, मणक्यातलं इंजेक्शन, ऑपरेशन. कुणाला कशाचा उपयोग होईल, हे आधी नीट सांगता येत नाही. इंजेक्शननं काहींना आराम पडतो, तोही बऱ्याचदा थोड्या काळापुरता. ऑपरेशननं पायाची कळ लवकर जाते, पण पुढे काळ गेला की केलेले आणि न केलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही, असंही काही ठिकाणी लिहिलेलं. “अजून अभ्यासाची गरज आहे” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी. आपल्याला माहीत नाही असं छापून सांगणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या पत्रकात असलं वाक्य कधी नसतं. मला त्या माणसांबद्दल आदर वाटला, खोटं कशाला बोलू.

आणि रागही आला. कारण “आपोआप ओसरतं” याच्या आसपास कुठेतरी बारीक अक्षरात असायचंच, की रुग्णानं जड उचलू नये, वाकून वळू नये, काही दिवस कामात बदल करावा. अहो, तेच तर काम आहे! नसेवर किती डोकी खपतायत. त्या बिनची उंची हातभर वाढवली तर काय होईल, यावर आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एकही माणूस खपताना मी पाहिला नाही. बिनखाली एक स्टँड लागतो. लोखंडाचा. लोखंडाच्या कंपनीत.

त्याच दिवसांत एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत मला भिंतीवर सूचना दिसली. पायात उतरणाऱ्या कळेवर एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू आहे, त्यासाठी रुग्ण हवेत. काहींना नवं इंजेक्शन मिळणार, काहींना नेहमीचं. कुणाला कुठलं हे रुग्णालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्यालाही. एमआरआय ते करणार, इंजेक्शन ते देणार, पुढे कितीतरी महिने बोलावून तपासणार. दादा तेव्हा ब्रेकवर होता. म्हणजे सुट्टी मागायची गरज नव्हती, लपवायची गरज नव्हती. इतकं जुळून आलेलं आमच्या घरात कधी काही नसतं.

संघटनेतले एक ज्येष्ठ माझ्यावर भडकले. “आपली माणसं काय प्रयोगाचे उंदीर आहेत?”

मी म्हटलं, “उंदराला निदान एमआरआय मिळतो.”

नाव नोंदवलं. फोनवर बोलणाऱ्या मुलीनं नीट समजावलं: दुखणं ठरावीक पातळीच्या वर असेल तरच घेतात, कारण मुळात कमी दुखत असेल तर औषधानं फरक पडला की नाही ते कळत नाही. आदल्या दिवसापासून दुखण्याची गोळी घेऊ नका. खरं दुखणं दिसू द्या. मी दादाला हे सांगितलं, वहिनीला सांगितलं, परत दादाला सांगितलं. तो “हाव, हाव” म्हणाला.

सकाळी निघताना त्यानं ठेवणीतला शर्ट घातला होता, दाढी केली होती, केसांना पाणी लावलं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, नीट दिसतोय. आता वाटतं, तिथंच ओळखायला हवं होतं. असा तो गेटवरच्या मेडिकलला जातो.

अभ्यासाची डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डोळ्याखाली काळं, आवाज मऊ. वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं दादाला बसवलं. दादा ताठ बसला. मी शेजारी.

“काका, कंबर दुखते का?”

“नाही... म्हणजे, जरा.”

“पायात मुंग्या येतात?”

“नाही.”

मी म्हटलं, “अरे येतात की! अंगठा बधिर आहे त्याचा, मॅडम.”

“ताई, उत्तर त्यांचं त्यांनाच देऊ द्या.”

“झोप लागते का?”

“लागते.”

“दादा!”

“ताई,” ती न चिडता म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसता का? घरच्यांनी सुचवलेलं उत्तर आम्हाला धरता येत नाही.”

मी पडद्याबाहेर बाकावर बसले. पडद्यानं कान थोडेच बंद होतात. तिनं समजावून सांगितलं, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही असं. गेल्या आठवड्यात पाय किती दुखला, विचार करून सांगा, घाई नाही.

दादा म्हणाला, “दोन असंल.”

“नक्की?”

“दोन-तीन. काय एवढं न्हाई.”

“काम जमतं?”

“जमतं की. न जमायला काय झालं?”

मग तिनं त्याला झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला असणार, कारण ती “दुखलं की लगेच सांगा” असं म्हणत होती. या तपासणीबद्दल मी वाचलं होतं. नस दबलेल्या माणसाला पाय थोडा वर गेला की कळ उठते. मी वाट बघत होते. आतून आवाज आला नाही. घरात चप्पल घालायला पाय उचलला तरी दात दाबणारा माझा भाऊ, त्या टेबलावर साधं ‘स्स’सुद्धा म्हणाला नाही.

बाहेर येऊन तिनं मला सांगितलं की त्यांचं दुखणं अभ्यासात घेण्याइतकं नाही, ही चांगली गोष्ट आहे, नेहमीच्या ओपीडीत दाखवत राहा. ‘चांगली गोष्ट’ म्हणाली.

दादा शर्टाची बटणं लावत होता. मी त्याला कोपऱ्यात ओढलं. “गोळी घेतलीस का सकाळी?”

त्यानं वरचं बटण लावलं.

“दादा, गोळी घेतलीस?”

“दोन घेतल्या.”

“मी काय सांगितलं होतं?”

“अगं, डॉक्टरसमोर जायचं म्हणल्यावर...” मग म्हणाला, “पांढरा कोट दिसला की आपसूक येतंय तोंडातनं. मी काय ठरवून बोललाव का? तिनं पण तेच विचारलं गं, त्याच क्रमानं. कंबर, मुंग्या, झोप.”

मी परत आत गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. गेट, शेड, रांग, शिकवणी, गोळी, पट्टा. माझा आवाज चढला होता, चौकात बोलते तसा. तिनं मध्ये तोडलं नाही.

शेवटी ती म्हणाली, “मला पटतंय तुमचं. पण आता मी परत विचारलं, तर ते तुम्हाला हवं ते सांगतील. मग मी कुठलं खरं धरू? माणसाला काय सांगितलं की आत घेतात हे एकदा कळलं, की उत्तराचा उपयोग राहत नाही. म्हणून पहिलं उत्तर धरायचं, असा नियम आहे. तो माझ्या हातात नाही.”

“पण पहिलंच उत्तर खोटं आहे.”

“गोळी घेतली होती, ते मी लिहीन. पुन्हा तपासता येईल का, वर विचारते.”

“कधी कळेल?”

“विचारते,” ती परत म्हणाली.

तिनं खरंच विचारलं. दोन दिवसांनी फोन आला, नाही म्हणाले. आवाजावरून तिला वाईट वाटलेलं कळत होतं. तिचा नियम खऱ्या उत्तरांसाठी केलेला आहे आणि तो बरोबर आहे. फक्त आमच्याकडे खरं उत्तर द्यायची सोय नाही. नोकरी आहे तोवर दुखणं सांगता येत नाही, आणि सांगायची वेळ येते तेव्हा जीभ वळत नाही. ते इंजेक्शन उद्या गुणाचं ठरलं, तर ते दुखणं मोठ्यानं सांगू शकणाऱ्यांच्या पाठीवर ठरलेलं असेल. बिनमध्ये वाकणारे त्यात नसतील. कंपनीच्या कागदांवर तर अख्ख्या कारखान्यात एकाचीही कंबर दुखत नाही. आता हॉस्पिटलच्या कागदावरही दादाची दुखत नाही. बाहेर रस्त्यावर दुखते.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये जागा मिळाली, पण दादा बसला नाही. बसलं की जास्त दुखतं. दांडी धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, “काका, बसा की, सीट मोकळी आहे.” तर दादा हसून म्हणाला, “नको, पुढंच उतरायचंय.” भोसरी अजून कितीतरी लांब होती. त्याला कंडक्टरलासुद्धा सांगता आलं नाही.

वहिनीनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि पाणी आणायला वळली. संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, “गोळ्या मीच दिल्या. मेडिकल हाय म्हणल्यावर देतच असते.”

पुढे नेहमीच्या ओपीडीत दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय तपासला, गोळ्या वाढवल्या, एमआरआयसाठी तारीख दिली, लांबची. ऑपरेशन लागू शकतं म्हणाले, आणि लागलं तर नंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही. आत्ताही उचलू नका म्हणाले. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाऊल लुळं पडलं तर मात्र तारखेची वाट न बघता धावत या. दादानं सगळ्याला मान हलवली. जिन्यात मला म्हणाला, “धावत या म्हणतो बघ.”

आणि मग ठेकेदाराचा फोन. सोमवारपासून भरती आहे, सकाळी मेडिकल.

मी म्हटलं, जाऊ नकोस. पत्रकात लिहिते तेच सगळं म्हटलं. आरोग्य हा हक्क आहे, शरीर विकून मिळालेली नोकरी ही नोकरी नव्हे. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “बरं. सोमवारी मी जात न्हाई. मंगळवारी काय करायचं ते सांग.”

इतकी वर्षं पत्रकं लिहिते. एकाही पत्रकात मंगळवार नाही.

त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहायला बसले होते. “दुखतंय असं म्हणा” असा मथळा. तीन शब्दच. मग पुढे लिहिता येईना. म्हणा, आणि मग? कुणाला म्हणा? जो म्हणेल त्याला आत ठेवायची ताकद आमच्या संघटनेत नाही, हे मला माहीत आहे, आणि गेटवरच्या प्रत्येक माणसाला माझ्या आधीपासून माहीत आहे. तो कागद तसाच आहे.

रविवारी दुपारी दादा चिखलीला सामान आणायला म्हणून निघाला. थोड्या वेळानं मी खाली उतरले, तर जिन्याच्या मधल्या पायरीवर त्याची एक चप्पल. गळून पडलेली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाले चाचा लांबूनच ओरडत होते, “अरे भाई, एक पैर की रह गयी!” आणि दादा शेअर रिक्षाकडे चालत होता, एक पाय उघडा, उन्हानं तापलेल्या सिमेंटवर. त्याला समजलंच नव्हतं. मी चप्पल नेऊन दिली. त्यानं पायाकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसं.

“बुटात कळत न्हाई,” तो म्हणाला. “लेस आवळून बांधली की जातंय निभून.”

“पाऊल लुळं पडलं तर यायला सांगितलंय.”

“लुळं कुठाय? बधिर आहे.”

मी त्याला तिथंच रस्त्यात पाऊल वर उचलून दाखवायला लावलं. उचललं. हळू, पण उचललं. “बघ,” तो म्हणाला. मी पास केलं.

संध्याकाळी तो खोलीच्या मध्ये उभा राहिला. वहिनीनं गॅस बारीक केला. त्यानं पट्टा सोडून खुंटीला लावला आणि मला म्हणाला, “ये, विचार.”

“मी नाही विचारणार.”

“तुला सगळं पाठ आहे. विचार की. तुझ्या वहिनीला हसू येतंय.”

वहिनीला हसू येत नव्हतं.

मी विचारलं. “कंबर दुखते का?”

“नाही.”

“मुंग्या येतात?”

“नाही.”

“झोप लागते?”

“लागते.”

“शून्य ते दहा, किती?”

“तिथं ते विचारत न्हाईत गं.”

मग तो श्वास सोडत वाकला. हात मांडीवरून खाली, गुडघ्याच्या खाली, नडगीवर, आणि तिथून पुढे बोटांपर्यंत. टेकला. क्षणभर थांबला, तसंच थांबायचं असतं, आणि वर आला. कपाळावर घाम होता, तो त्यानं बाहीला पुसला.

“परत वाकतो. या वेळेला माझ्या तोंडाकडं बघ,” तो म्हणाला. “काही दिसतंय का सांग.”

तो परत वाकला. मी खाली बसून, मान तिरकी करून, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट, सगळीकडे बघितलं. कपाळ, डोळे, ओठांचे कोपरे, जबडा.

“काही दिसत नाही,” मी म्हटलं.

आणि खरंच काही दिसत नव्हतं.